मामांची वही आणि चार प्रकारचं ‘पेंडिंग’

नोव्हेंबर २०२२. रात्री साडेअकराला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातून, एक भाड्याचा टेम्पो चाकणला निघाला. आत फक्त साठ फ्लायव्हील हाऊसिंग, म्हणजे इंजिनाचे ओतीव भाग. एरवी हा माल बाकीच्या मालाबरोबर ट्रकमधून जातो. त्या रात्री साठ नगांसाठी वेगळी गाडी करावी लागली, कारण हाऊसिंग पोचलं नसतं तर सकाळच्या पाळीला गिऱ्हाइकाची लाइन थांबली असती. आणि त्याच वेळी आमच्या शेडमध्ये त्याच गिऱ्हाइकाचे तीनशे बेअरिंग हाऊसिंग पॅक करून तयार होते. ते त्याला त्या महिन्यात नकोच होते.

झालं होतं असं, की कुठला नग किती हवा त्याचं महिन्याचं शेड्यूल आप्पांच्या मेलवर आलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आठ दिवसांनी बदललेलं शेड्यूल आलं, तेही मेलवर. तिसरा बदल मात्र गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातल्या एका मुलाने आमच्या डिस्पॅचच्या मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, आणि मामा त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला गडहिंग्लजला होते. मोल्डिंगचा, म्हणजे साचे भरण्याचा, सुपरवायझर दुसऱ्या शेड्यूलवर काम करत राहिला. चूक कुणाची, यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी आप्पा म्हणाले, “जाऊ दे आता. तू पुण्यात कॉम्प्युटरमध्येच होतीस न्हवं? बघ ऑर्डरी सांभाळायचं काय सॉफ्टवेअर मिळतंय ते.”

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. फौंड्रीत येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आप्पांनी सुरुवात शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यातून केली, मग शिरोलीला प्लॉट घेतला. आज ऐंशी-नव्वद माणसं आहेत. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांचं कास्टिंग करतो, काही मशिनिंग स्वतःच्या शॉपमध्ये आणि बरंचसं बाहेर जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर. टेस्टिंगमधल्या माणसाला वाटतं की यादी केली की निम्मं काम झालं. मीही तेच केलं. इंटरनेटवरून गोळा करून, स्वतःची भर घालून ७४ मुद्द्यांची एक्सेल शीट बनवली. ऑर्डर नोंदवता येते का? अर्धवट डिस्पॅच दाखवता येतो का? ई-इन्व्हॉइस निघतं का? पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे रकाने. पाच सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवली. पाचही जणांचं उत्तर आलं: ७४ पैकी ७४ हो. एकाने तर शीटमध्ये नसलेलं पंचाहत्तरावं ‘हो’ही लिहून पाठवलं होतं, मोबाइल अॅप आहे म्हणून.

मग डेमो सुरू झाले. जवळजवळ प्रत्येक डेमोत एक खुर्ची असायची. चार पाय, एक बैठक, एक पाठ, आठ स्क्रू. ऑर्डर आली की सॉफ्टवेअर सांगणार, चाळीस खुर्च्यांना एकशे साठ पाय लागतील. आप्पा दोन डेमो गप्प बसून बघत होते. तिसऱ्याला म्हणाले, “आमची खुर्ची ओतायला लागते. ओतल्यावर पाय निघंल का न्हाई हे ओतल्यावरच कळतंय.”

मला वाटलं आप्पा विनोद करतायत. पण सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. खुर्चीच्या कारखान्यात चाळीसची ऑर्डर म्हणजे चाळीस. फौंड्रीत ऑर्डर आणि ओतायचा आकडा कधीच एक नसतो. साच्याच्या एका बॉक्समध्ये दोन नग बसतात, म्हणून विषम आकडा ओतताच येत नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करताना, काही नग बाद जातात. त्यातून वाचलेले मशिनवर गेल्यावर आत दडलेला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडा पडतो आणि आणखी काही जातात. शिवाय एसजीचा धातू मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की काही मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं, त्यामुळे दिवसाचा बेत ऑर्डरीवर कमी आणि फर्नेसला कुठला ग्रेड लावलाय त्यावर जास्त ठरतो.

डेमो थांबवले. सॉफ्टवेअर बघायच्या आधी आपली ऑर्डर आपल्याकडे कशी फिरते ते बघायचं ठरवलं, आणि त्यासाठी एकच जागा होती: मामांची वही.

मामा आमच्याकडे सव्वीस वर्षं आहेत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही असते ना, तीच. दर आर्थिक वर्षाला एक. निळ्या शाईत शेड्यूल, लाल शाईत पाठवलेला माल. एखाद्या आकड्याभोवती गोल म्हणजे गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलंय, कागद यायचाय. आकड्यावर टिंब म्हणजे माल बाहेर मशिनिंगला गेलाय. दोन टिंबं म्हणजे गेलाय आणि तो मशिनवाला फोन उचलत नाही. मी तीन आठवडे रोज दुपारी तासभर त्यांच्याजवळ बसले. पहिला आठवडा त्यांनी मला फक्त चहा पाजला. त्यांना वाटत होतं, वही काढून घ्यायला आलीय.

या तीन आठवड्यांत जे कळलं त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शनिवारच्या मीटिंगमध्ये सापडली. दर शनिवारी आप्पा विचारतात, “अमक्याचं पेंडिंग किती?” आणि प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, मग आवाज चढतात. त्या शनिवारी मी सगळे आकडे लिहून घेतले. एका नगाचं महिन्याचं शेड्यूल ३००. मामा म्हणाले पेंडिंग १८०, कारण १२० पाठवले होते. मोल्डिंगवाला म्हणाला ८४. त्याने २६० ओतले होते, फेटलिंगला २२ गेले होते, पुढची मोडतोड धरून अजून ४२ बॉक्स भरावे लागणार होते. मशिन शॉपवाला म्हणाला १११, कारण चांगली कास्टिंग २३८ आली, त्यातली १२७ मशिन होऊन सात गेली आणि उरलेल्यातली ६४ तर बाहेरच होती. अकाउंटंट म्हणाले चाळीस, कारण पाठवलेल्या १२० पैकी चाळीस नगांची आवक गिऱ्हाइकाने अजून आपल्याकडे नोंदवली नव्हती आणि ती नोंदवल्याशिवाय पैशाचे दिवस मोजायला सुरुवात होत नाही.

चौघांचेही आकडे बरोबर होते. सव्वीस वर्षं हे चार आकडे एकाच शब्दाने चालले होते आणि त्यांची बेरीज-वजाबाकी मामांच्या डोक्यात होत होती. मामा लग्नाला गेले की बेरीज थांबायची.

दुसरी गोष्ट ‘ऑर्डर’ या शब्दाची. आमच्याकडे गिऱ्हाईक ऑर्डर देतच नाही म्हटलं तरी चालेल. वर्षाची एक ओपन पीओ, म्हणजे खुली खरेदी-ऑर्डर असते. तिच्यात रेट असतो, नगसंख्या नसते. नगसंख्या दर महिन्याच्या शेड्यूलमध्ये येते, चालू महिना पक्का आणि पुढचे दोन महिने अंदाजाचे. आणि ‘पक्का’ महिना सरासरी तीनदा बदलतो. म्हणजे मला हवं होतं ते ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर नव्हतंच, ऑर्डरमधले बदल सांभाळणारं हवं होतं. ७४ मुद्द्यांच्या यादीत ‘बदल’ हा शब्द एकदाही नव्हता.

यादी फेकून दिली. त्याऐवजी एका पानावर एका नगाच्या तीन आठवड्यांची गोष्ट लिहिली, खरी घडलेली. एक तारखेला शेड्यूल ३००. आठ तारखेला ते २२० झालं, पण पुढच्या महिन्यातले चाळीस अलीकडे ओढले. दरम्यान ६४ नग बाहेर मशिनिंगला गेले, ६१ चांगले आले, तिनांत ब्लोहोल निघाला. ब्लोहोल हा ओतकामाचा दोष, म्हणून त्या तिनांचीही मजुरी मशिनवाल्याला द्यायची. तेच माप चुकलं असतं तर उलट त्याच्या नावावर डेबिट पडलं असतं. बारा तारखेला गिऱ्हाइकाने नऊ नग परत पाठवले. वीस तारखेला रेट बदलला, तो एक तारखेपासून लागू. आणि शेवटी एक प्रश्न: आज पंधरा तारीख आहे असं समजा, नऊ तारखेला आपल्या हातात कुठलं शेड्यूल होतं ते दाखवा.

हे पान घेऊन परत डेमो लावले. “तुमची खुर्ची नको, आमचं हे चालवून दाखवा.” दोघांनी पुन्हा फोनच केला नाही.

अकाउंटंटचं मत होतं की टॅलीच वाढवावी. विक्रीची ऑर्डर आणि जॉबवर्क दोन्ही टॅलीत नोंदवता येतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण मला नोंद फर्नेसवर, फेटलिंगला आणि गेटवर व्हायला हवी होती, आणि तिथली माणसं अकाउंट्सच्या केबिनची पायरी चढत नाहीत. हिशेब टॅलीतच ठेवायचे हे मात्र तेव्हाच ठरलं, आणि त्यामुळे अकाउंटंट पुढे आमच्या बाजूने राहिले.

एक मोठी परदेशी ईआरपी, म्हणजे कारखान्याचं सगळं काम एकत्र सांभाळणारी प्रणाली होती, पुण्याच्या विक्रेत्यामार्फत. माझं पान तिने बहुतेक सगळं पार केलं. आकडा एकोणीस लाख, शिवाय दरवर्षी देखभाल आणि दर वापरणाऱ्यामागे परवाना. परवाना माणसागणिक असला की आपोआप ठरतं की फेटलिंगच्या मुलाला लॉगिन नको, आणि मग त्याची नोंद संध्याकाळी दुसराच कुणीतरी करणार. तरीही आप्पांचा कल तिकडे होता, म्हणून हीच प्रणाली वापरणाऱ्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही बघायला गेलो. मालकांनी मोठ्या पडद्यावर आलेख दाखवले. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर पडले आणि डिस्पॅचच्या टेबलापाशी गेले. तिथल्या माणसाने बोलता बोलता ड्रॉवर उघडला, तर आत वही. लाल कापडी पुठ्ठ्याची.

“ही कशाला मग?” मी विचारलं.

“सिस्टिममध्ये तारखेला जागा एकच हाय ताई. त्यांनी मागितलेली तारीख टाकली की आपण कबूल केलेली तारीख कुठं लिवायची?”

ही त्या सॉफ्टवेअरची मर्यादा होती की ते बसवणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण माझ्या पानावर त्या संध्याकाळी आणखी एक प्रश्न वाढला: मागितलेली तारीख आणि कबूल केलेली तारीख, दोन्ही दाखवा. आणि तेव्हापासून कुठेही बघायला गेलं की मी आलेख बघत नाही, ड्रॉवर कुठला उघडतोय ते बघते.

दुसरा पर्याय इथलाच, कोल्हापुरातल्या एका माणसाने खास फौंड्रीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम. त्याच्या पडद्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याचा क्रमांक होता, बॉक्स होते, पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, किती वेळा वापरला त्याची मोजदाद होती. मोल्डिंगचा सुपरवायझर तर प्रेमातच पडला. किंमत साडेतीन लाख. पण शेड्यूल बदललं की जुन्यावर नवं लिहिलं जायचं, नऊ तारखेचं शेड्यूल कुठेच नव्हतं. शिवाय कोड त्या एका माणसाला माहीत आणि सगळा डेटा आमच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर. म्हणजे एका मामांच्या जागी दुसरे मामा.

तिसरा पर्याय ईआरपीनेक्स्ट, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. परवाना माणसागणिक नाही. पैसे जातात ते सर्व्हरला आणि बसवून देणाऱ्याला. त्यात ब्लँकेट ऑर्डर म्हणून प्रकार आहे तो आमच्या ओपन पीओच्या जवळ जातो, आणि जॉबवर्कला दिलेला माल कुणाकडे किती आहे तेही ठेवता येतं. बसवून देणारी सांगलीची तीन मुलांची टीम होती. माझं पान त्यांनी दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतलं आणि मग म्हणाले, “शेड्यूलचे बदल जसेच्या तसे मागे ठेवणं आज यात होत नाही. ब्लँकेट ऑर्डरला जोडून वेगळा फॉर्म करावा लागेल. मागच्या तारखेपासून लागू होणारा रेट तर आम्हाला जमेल असं वाटत नाही.” माझ्या सगळ्या शोधात मिळालेले हे पहिले दोन ‘नाही’. आठ दिवसांनी त्यांनी शेड्यूलचा फॉर्म करून आणला. त्यात मामांचा गोलही होता: ‘तोंडी, कागद बाकी’ अशी खूण. काम त्यांनाच दिलं.

डेटा कुठे ठेवायचा यावर घरी महिनाभर वाद चालला. आप्पांना सर्व्हरचं मशिन ऑफिसात हवं होतं, डोळ्यासमोर, आणि मला बाहेर, इंटरनेटवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. आमच्या शेडमध्ये पाणी आलं नाही, पण आम्हीच शेडपर्यंत पोचू शकत नव्हतो. गिऱ्हाइकांचे फोन येत होते, तयार माल किती आहे विचारत होते, आणि वही होती ऑफिसच्या कपाटात. मी ही आठवण काढली. आप्पा म्हणाले, “आणि रोज नेट जातंय त्याचं काय?” उत्तर अकाउंटंटनी दिलं. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या सगळ्यांनाच १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू होत होतं, आम्हाला तर दहा कोटींच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२२ पासूनच होतं. सरकारी पोर्टलवरून नंबर आल्याशिवाय बिलच होत नाही. “नेट नसंल तर गाडी तशीबी गेटबाहेर जात न्हाई आप्पा.” दोन कंपन्यांची नेट जोडणी घेतली आणि वाद मिटला.

मधल्या तीन महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नावांचा एक घोळ सोडून. आमचे चालू नग १३७, पण त्यांची नावं ४१२ निघाली. ड्रॉइंग नंबर वेगळा, गिऱ्हाइकाचा कोड वेगळा, पॅटर्नवर खडूने लिहिलेलं नाव वेगळं, आणि शॉपमधलं बोलीतलं नाव वेगळंच: मोठं हाऊसिंग, जुनं हाऊसिंग, कान तुटलेलं हाऊसिंग. शेवटचं चांगल्या नगाचंच नाव आहे. पहिल्या सॅम्पलचा कान तुटला होता तेव्हापासून ते चिकटलं. मी हुशारी करून बोलीतली नावं काढून टाकली. चार दिवसांत परत घालावी लागली, कारण गेटवर कुणीही ड्रॉइंग नंबरने शोधत नव्हतं.

सुरुवातीची तारीख मात्र विचार करून निवडली याचं मला आजही बरं वाटतं. सगळे म्हणत होते एक एप्रिल. पण जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा आयटीसी-०४ हा जीएसटीचा फॉर्म आमच्यासारख्यांना सहा महिन्यांनी भरावा लागतो, एप्रिल ते सप्टेंबरचा २५ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सप्टेंबरअखेर बाहेरचा माल मोजावाच लागतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२३. अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. विसर्जनाचं जागरण डोळ्यांत घेऊनच आम्ही दोन दिवस मशिनवाल्यांच्या गाळ्यांतून कास्टिंग मोजत फिरलो. आमच्या चलनांप्रमाणे बाहेर ११४० नग होते. प्रत्यक्षात मोजले १०२२. उरलेल्या ११८ पैकी काही भंगारात गेले होते आणि कागद झाला नव्हता, काही एका गाळ्याच्या मागे गवतात सापडले. जॉबवर्कला दिलेला माल वर्षात परत आला नाही तर तो दिला त्या तारखेलाच विकला असं जीएसटी कायदा धरतो, आणि गवतातल्या काही नगांचं वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते. ते तसेच गंजलेले उचलून आणले.

पहिला महिना वही आणि पडदा दोन्ही चालवले. दुसऱ्या आठवड्यात दोघांत सतरा नगांचा फरक आला. मला खात्री होती की वही चुकली. मामांना खात्री होती की पडदा चुकला. निघालं असं की मशिन शॉपच्या पोराने परत आलेले नग नव्या चलनावर ‘आवक’ म्हणून चढवले होते. दोन्ही बाजूंनी हिशेब लागेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले, आणि मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः माउस हातात घेतला.

खर्च ठरला होता सहा लाख, झाला सव्वाआठ. वाढलेला सगळा खर्च आम्ही नंतर सुचवलेल्या बदलांचा. रेटफरकाचं काम अजून एक्सेलवरच चालतं. पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावाप्रमाणे दर तिमाहीला रेट ठरतो, तो ठरायला दोन महिने जातात आणि लागू होतो मागच्या तारखेपासून. मग गेलेल्या प्रत्येक बिलाचा फरक काढायचा. तो मी आणि अकाउंटंट बसून काढतो, आणि सांगलीच्या मुलांनी हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्यांच्यावर चिडताही येत नाही.

शेड्यूल अजूनही व्हॉट्सअॅपवरच येतं. फरक इतकाच की ज्याला येईल त्याने तिथल्या तिथे चढवायचं, आणि चढवलं की मोल्डिंगच्या टेबलावरच्या पडद्यावर ती ओळ पिवळी होते. शनिवारच्या मीटिंगमध्ये आता ‘पेंडिंग’ हा शब्द एकटा वापरायला बंदी आहे. पाठवायचं, ओतायचं, मशिनचं की पैशाचं, ते सांगावं लागतं. आप्पाच विसरतात.

मामांनी या एप्रिलमध्येही नवी वही आणली. मी विचारलं, आता हिच्यात काय लिहिता? त्यांनी उघडून दाखवली. ड्रायव्हरांचे फोन नंबर होते. कुठला ड्रायव्हर रात्री खेड शिवापूरला जेवायला थांबून तिथंच झोपतो, कुणाला चाकणच्या गेटवरचा माणूस ओळखतो, कुणाच्या हातात उधारीचं चलन द्यायचं नाही. शेवटच्या पानावर एका नावासमोर दोन टिंबं होती. “हा कोण?” म्हटलं. “सांगतो की,” म्हणाले आणि वही मिटून उशाखाली ठेवावी तशी टेबलाच्या खणात ठेवली.